पायाळू चंद्रभागाबाई आणि न्हाणीतली वीज

नांदूरघाटच्या बायनाबाईला पहिली मुलगी झाली ती पायांकडून. सुईणीला आधी एक पाऊल दिसलं, मग दुसरं, आणि मूल हातात आल्यावर मुलगा की मुलगी हे सांगायच्या आधी ती म्हणाली, "बाई, पायाळू हाय. जपावं लागंल."

कशापासून जपायचं, हे त्या मुलखात कुणी विचारत नसे. पायाळू माणसाला वीज हुडकत येते.

पोरीचं नाव चंद्रभागा ठेवलं. बाकीच्या पोरींना भुताची भीती घालून गप्प बसवत, हिला आभाळाची. वैशाखात दुपारनंतर ढग भरून आले की बायनाबाई हातातलं काम टाकून पोरीमागे धावायची. पायातले वाळे काढ, कानातलं काढ, आतल्या खोलीत धान्याच्या कणगीच्या आडोशाला पाटावर बसव, वरून घोंगडी टाक. घोंगडीखाली अंधार, लोकरीचा उग्र वास आणि बाहेर ते कडाडणं. पोर कानात बोटं घालून बसायची. ढग निघून गेले, बाहेर कोंबड्या फिरायला लागल्या, तरी तिला घोंगडी काढवत नसे.

एका वर्षी ती बाभळीखाली शेळीला पाला ओरबाडून देत उभी होती. आभाळ नुसतं भुरकट होतं. बायनाबाईनं दारातून हाक मारली, पोर रेंगाळली, तशी तिनं शिवी हासडली. पोर पळत उंबऱ्याशी आली आणि मागे सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला. वळून बघते तर शेळी बाभळीखाली आडवी, तोंडात पाला तसाच.

माणसं जमली. शेळीकडे कुणी फारसं बघेना, सगळे चंद्रभागेकडे बघत होते. एक म्हातारा काठी टेकून पुढे आला, तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच म्हणाला, "हुकली."

तो शब्द तिच्या पोटात जाऊन बसला. हुकली म्हणजे नेम धरलेला होता. हुकली म्हणजे पुन्हा येणार.

अशा पोरीला स्थळ कोण देणार, असं घरच्यांना वाटत होतं. पण केजच्या सुंदररावांनी पायाळू म्हणूनच तिला आपल्या मुलासाठी मागून घेतली. केजच्या वेशीबाहेर त्यांची मोठी जमीन होती आणि त्या जमिनीला पाणी नव्हतं. पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. लग्नाची हळद अंगावर असतानाच त्यांनी नव्या सुनेला अनवाणी रानात फिरवलं. मागे पाणी हुडकणारा पाणाड्या, दीर, गडीमाणसं. सगळ्यांच्या नजरा आपल्या पावलांवर आहेत हे चंद्रभागेला कळलं. एका जागी तिला पुढे पाऊल टाकवेना, म्हणून ती थांबली.

"हितंच!" सुंदरराव ओरडले.

तिथे विहीर खणली आणि खरोखर पाणी लागलं. हलगी वाजली, सुनेची ओटी भरली. पण ते पाणी होतं खारं. त्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. हंड्यात तापवलं की आतून पांढरा थर धरायचा, दगडानं घासला तरी निघायचा नाही. पिण्याचं पाणी गावातल्या आडावरूनच येत राहिलं. तरीही चंद्रभागेचा नवरा अर्जुनराव त्या विहिरीला नाव ठेवू देत नसे. कुणी पाहुण्यानं चूळ भरताना तोंड वाकडं केलं तर म्हणायचा, "सवय न्हाई तुमाला. आमच्या हितलं पाणी अंगाला लई चांगलं."

अर्जुनराव हौशी माणूस. निजामाच्या राज्यात तेव्हा कापसाला बरे दिवस होते. त्यानं विहिरीच्या पलीकडे सरकी काढायचा कारखाना टाकला, त्याला तेलावर चालणारं इंजिन आणलं. कापसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेपासून ते इंजिन धडधडायचं आणि घरातली भांडी फळीवर थरथरायची. याची चंद्रभागाबाईला सवय झाली. मग पुढच्या हंगामात इंजिनाला डायनामो जोडला. कारखान्यातून घरापर्यंत तार ओढली आणि ओसरीवर काचेचा दिवा टांगला. गावातली माणसं बघायला आली आणि म्हणाली, "अर्जुनरावानं घरात वीज आणली."

चंद्रभागाबाई स्वयंपाकघरात होती. तिच्या हातातली परात खाली पडली.

इंजिन सांभाळायला पंडित नावाचा मिस्त्री होता, शांत माणूस. तो जेवायला आला तेव्हा तिनं दाराआडून विचारलं, "पंडितराव, ही दिव्यातली वीज म्हंजी तीच का?"

"कोणती, मालकीण?"

"वरची."

पंडितनं घास खाली ठेवला आणि जरा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "हाय तर तीच. पण ही बांधलेली हाय."

"बांधलेला बैल बी सुटतो की."

पंडितनं ठेवलेला घास उचलला. त्या दिवसापासून ती ओसरीवर दिव्याखालून कधी गेली नाही. भिंतीला धरून, कडेकडेनं जायची. अर्जुनराव हसायचा, पण तिला ओढून कधी दिव्याखाली उभं केलं नाही, एवढं खरं.

अर्जुनरावाच्या पाठीत उसण भरायची. तरुणपणी ती चंद्रभागाबाईच्या पायानं उतरायची. पायाळूचा पाय लागला की पाठ सुटते म्हणून गावातून बायाही यायच्या. अर्जुनराव पालथा पडायचा, ती भिंतीला हात टेकून टाच हलके हलके पाठीवरून फिरवायची. पण वय वाढलं तशी पाठ हट्टी झाली. थंडीत सकाळी उठून बसायलाही दोन माणसं लागायची. पुढे हैदराबादेला कापसाच्या कामानं गेला असताना तो एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात उतरला आणि तिथल्या न्हाणीत त्यानं विजेचा फवारा बघितला. खटका दाबला की वरच्या झारीतून ऊन पाणी पाठीवर पडतं. चार दिवस तिथे अंघोळ केली आणि पाठ मोकळी झाली. घरी येऊन तो पोरासारखा सांगत बसला.

"अगं, ऊन ऊन पाणी, वरून सारखं पडतंय. आणि खाली जाळ न्हाई, धूर न्हाई!"

"मग तापतं कशानं?"

तो तिच्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाला, "करंटानं."

"विजेनं म्हणा की."

तिनं पदर तोंडाशी घेतला. आयुष्यभर ती डोक्यावरच्या विजेला भ्याली होती, आणि आता नवरा सांगत होता की ती न्हाणीत डोक्यावर बसवायची, पाण्यातून अंगावर घ्यायची आणि तीही उघड्या अंगानं. तिनं हात जोडले. जेवण सोडलं. नारायणगडाला नवस बोलली. अर्जुनराव ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि पुढच्या खेपेला पंडितला बरोबर घेऊन हैदराबादेला गेलाच.

तिथे दुकानदारानं त्यांना दोन तऱ्हेचे फवारे दाखवले. एकात पाणी जाता जाता उघड्या तारेवरून जायचं आणि लगेच तापायचं. दुसऱ्याला तांब्याची टाकी होती, तार बंद नळीत, पण पाणी तापायला वेळ लागायचा. अर्जुनरावाला लगेच तापणारा आवडला. तो घेऊन दोघं परळीपर्यंत आगगाडीनं आणि पुढे सर्व्हिस मोटारीनं घरी आले.

पंडितनं न्हाणीच्या वर पत्र्याची टाकी ठेवली, गडी ती विहिरीच्या पाण्यानं भरायचे. खाली लोखंडी नळी, नळीला तोटी, तोटीवर तो फवारा. पहिल्या दिवशी अर्जुनराव आत गेला तेव्हा चंद्रभागाबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तुळशीशी बसून होती. आतून पाण्याचा आवाज आला, मग अर्जुनरावाचं हसणं, मग त्याचं बेसूर गाणं. तो लालबुंद होऊन बाहेर आला. "बघ, जित्ता हाय!"

ती त्याच्या ओल्या पाठीकडे बघत राहिली.

महिना गेला. काही झालं नाही. कुणालाही वाटेल की भीती कमी व्हावी, तिची वाढली. रोज सकाळी इंजिन धडधडायला लागलं की तिचे कान न्हाणीकडे लागायचे. तो आत असेपर्यंत तिला चुलीवरची भाकरी उलटायचं सुचत नसे. तिनं एकच गोष्ट पदर पसरून मागितली, की आतून कडी लावू नका. ती त्यानं मान्य केली.

मग एकदा जेवताना तो म्हणाला, "आजकाल फवाऱ्याखाली उभं राहिलं की अंगाला मुंग्या येत्यात. पाठीला लई बरं वाटतंय बघ."

तिचा हात ताटात थांबला. "कसल्या मुंग्या?"

"बारीक बारीक. तोटीला हात लावला की जास्त. हैदराबादला न्हवत्या येत. आपल्या पाण्याचा गुण आसंल."

तिनं पंडितला गाठलं. मुंग्या म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. "मुंग्या यायला नको मालकीण. मी उघडून बघतो." पण हंगाम ऐन भरात होता, कापसाच्या गाड्या दारात उभ्या, त्याला इंजिन सोडून हलायला सवड नव्हती. पंडितनं मालकाला दोनदा सांगितलं, मालक म्हणाला, "आमुशाला इंजिन बंद राहील, तवा बघ."

अमावस्या यायच्या आत ते घडलं.

सकाळची वेळ. चंद्रभागाबाई न्हाणीबाहेर भिंतीशी बसून ज्वारी निवडत होती. आत पाणी पडत होतं. गाणं चालू होतं, ते मध्येच तुटलं. तिनं सूप खाली ठेवलं. पाणी पडतच होतं, पण त्यात माणसाचा आवाज नव्हता. मग एक आवाज आला, गुरासारखा, दातांच्या मागून आलेला.

तिनं दार ढकललं.

अर्जुनराव तोटीला धरून उभा होता. उभा कसला, तोटीनंच त्याला धरलं होतं. हात आखडलेला, मान एका बाजूला ओढलेली, तोंड वाकडं, सगळं अंग इंजिनासारखं थडथडत होतं. फक्त डोळे जिवंत होते, आणि ते तिच्याकडे बघत होते. फरशीवरून पाणी उंबऱ्याकडे, तिच्या उघड्या पावलांकडे येत होतं.

तिला ओरडता आलं नाही. घोंगडीखालचा तो अंधार आणि तो वास एकदम तिच्या नाकातोंडात भरला. पाणी उंबऱ्याशी आलं, तिच्या अंगठ्याला शिवणार तेवढ्यात ती मागे सरली. मग आणखी मागे. आणि मग ती पळाली.

कुठे पळते आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पदर गळाला, केस सुटले, एक पाय ज्वारीच्या सुपात पडून सूप उलटं झालं. अंगणाचं दार कारखान्याच्या बाजूला उघडत होतं म्हणून ती तिकडे गेली. दुसरीकडे उघडत असतं तर दुसरीकडे गेली असती. इतक्या वर्षांत तिनं त्या शेडमध्ये पाऊल टाकलेलं नव्हतं. ती धावत आत शिरली आणि इंजिनाच्या आवाजात मधोमध उभी राहिली. तोंड उघडं, आवाज नाही.

पंडितनं तिला बघितलं. मालकीण, डोक्यावर पदर नाही, पाय ज्वारीनं भरलेले, इथे. त्यानं एक शब्द विचारला नाही. हातातलं तेलाचं भांडं टाकून भिंतीवरच्या, घराची वीज तोडायच्या खटक्याकडे झेप घेतली आणि तो खाली ओढला.

अर्जुनराव न्हाणीत कोसळलेला सापडला. श्वास चालू होता. उजवा तळहात भाजून पांढरा पडला होता. तो पुढे बरा झाला, पण दोन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. पंडितनं फवारा उघडला तेव्हा आतल्या तारेवर विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर चढून ती तडकलेली दिसली. खाऱ्या पाण्यातून करंट नळीत उतरला होता, नळीतून तोटीत.

गावात चंद्रभागाबाईचं नाव झालं. "दुसरी आसती तर मिठी मारून दोघंबी गेली आसती. बाईनं डोकं चालवलं, नीट खटक्याकडं गेली." बाया येऊन तिच्या हिमतीची तारीफ करायच्या आणि ती चुलीत फुंकर घालत बसायची. आता तिला नवीन भीती लागली होती. त्याचे ते डोळे. त्यांनी काय बघितलं, हे तिला माहीत होतं.

खाटेवर पडल्या पडल्या एका दुपारी तो म्हणाला, "तू पळालीस ते बरं झालं."

तिच्या हातात त्याच्या तळहाताला लावायचं मलम होतं.

"मी तुमच्यासाठी..."

"म्हाईत हाय मला." तो छताकडे बघत होता. "माझ्यासाठी न्हाई पळालीस. मी तुझं त्वांड बघितलं की. हात सुटला आसता तर मीबी पळालो आसतो, तुला तितंच टाकून. लाव मलम."

तिनं मलम लावलं. या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

फवारा काढून अडगळीत टाकला. पुढच्या थंडीत पाठ पुन्हा धरली, या वेळी फारच वाईट. हंडे तापवून तांब्यानं पाणी घातलं, शेक दिला, तिनं पाय फिरवला. एका सकाळी तो खाटेवर नाही म्हणून ती शोधत गेली, तर तो अडगळीत, भिंतीला धरून उभा, वाकड्या बोटांनी जुन्या फवाऱ्यावरचा पांढरा थर खरवडत होता. तिला बघून चोरी पकडल्यासारखा थांबला.

"पंडित म्हणला, तार नवी टाकली तर चालंल."

पंडितनं असं म्हणणं शक्य नव्हतं. हा माणूस हे पुन्हा लावणार. आज नाही तर उद्या, ती माहेरी गेली की, झोपली की.

"लावायचाच आसंल," ती म्हणाली, आणि आपण काय बोलतो आहोत हे ऐकून तीच दचकली, "तर मी येते दुकानात."

तिनं विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, बूच मारलं आणि बाटली मांडीवर धरून आगगाडीत बसली. हैदराबादेत रस्त्यावर विजेच्या तारा डोक्यावरून गेलेल्या. ती टांग्यात पदर ओढून, डोळे मिटून बसली. दुकानात दिवेच दिवे होते. दाराशीच तिचे पाय अडले. अर्जुनरावानं हात पुढे केला, वाकड्या बोटांचा. तो धरून ती आत गेली.

दुकानदार म्हातारा होता, त्यानं अर्जुनरावाला ओळखलं. हात बघून तो हळहळला. "मगर साब, मैं पूछा था ना? पानी कैसा है पूछा था. आप बोले, बावडी का है, एकदम मीठा."

चंद्रभागाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. अर्जुनराव भिंतीवरचे दिवे मोजत असल्यासारखा उभा होता. परक्या गावात, परक्या माणसापुढेसुद्धा यानं तिच्या विहिरीला खारं म्हटलं नव्हतं.

तिनं बाटली काउंटरवर ठेवली. "मीठा न्हाई," ती म्हणाली. "खारा हाय. लई खारा."

म्हाताऱ्यानं बूच काढून थेंब जिभेला लावला आणि लगेच रुमालात थुंकला. "तौबा! इस पानी में नंगा तार? ये तो मौत है, बाई."

मग त्यानं टाकीचा फवारा खाली काढला. तार पितळेच्या बंद नळीत, नळी तांब्याच्या टाकीत. आधी पाणी तापू द्यायचं, मग तारेची पिन भिंतीतून उपसून काढायची, मगच अंघोळ. नळीवर पांढरं चढणारच, ते महिन्या-महिन्यानं उघडून खरवडायचं.

"पिन काढल्यावर आत राहती का?" तिनं विचारलं.

"क्या?"

"वीज. पाण्यात राहती का दडून?"

म्हातारा हसला नाही. "नहीं रहती, बाई. पिन निकाली तो खतम."

तिनं तेच पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. मग आणखी एकदा. त्यानं तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं, तेव्हा ती म्हणाली, "ह्यो द्या."

तो फवारा त्या घरात पुष्कळ वर्षं चालला. नळी खरवडायचं काम पंडितचं, पण पिन काढायचं काम चंद्रभागाबाईनं दुसऱ्या कुणाकडे दिलं नाही. गड्याकडे नाही, मुलींकडे नाही, पंडितकडेसुद्धा नाही. कुणी विसरलं तर? रोज सकाळी ती लाकडी पाटावर उभी राहायची, हाताला कोरडं फडकं गुंडाळायची, डोळे बारीक करून, तोंड फिरवून पिन ओढायची. एवढ्या वर्षांत एका दिवशीही ती सहज ओढली गेली नाही. मग पिन पदरात घेऊन ती न्हाणीच्या दाराशी बसायची, तो बाहेर येईपर्यंत. ती स्वतः त्या फवाऱ्याखाली कधी गेली नाही. तिची अंघोळ शेवटपर्यंत बादलीतून झाली.

लोकांना वाटायचं, त्या घरात विजेला भिणारी ती एकटीच. अर्जुनराव चारचौघांत तिची थट्टाही करायचा. पण दार लोटून आत गेला, धोतर खुंटीला लावलं, की आतून रोज त्याचा आवाज यायचा, जरा बारीक झालेला.

"काढली का?"

"काढली."

"खरंच काढली का गं?"

"काढली म्हणते ना."

"दाव."

ती दाराच्या फटीतून हात आत घालायची आणि पिन त्याला दाखवायची. तो ती वाकड्या बोटांनी चाचपायचा, दोन्ही दात मोजायचा, आणि मगच आत पाणी पडल्याचा आवाज यायचा.